अनेकवचनातली अपॉस्ट्रॉफी: या चुका टाळा आणि खरा वाद कुठे आहे ते ओळखा

इंग्रजी अनेकवचन करताना एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी (’ ही खूण) द्यायची की नाही, यावर दोन वेगळी भांडणं चालतात आणि ती सतत एकमेकांत मिसळतात. पहिलं खरं तर भांडणच नाही. तिथे उत्तर ठरलेलं आहे आणि चूक ती चूकच. दुसऱ्यात मात्र नामांकित शैलीपुस्तिकाच (लेखनाचे नियम ठरवून देणारी पुस्तकं) एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत आणि दोन्हींकडे कारणं आहेत. शिकवणाऱ्यांचा, संपादन करणाऱ्यांचा, कामाचे ईमेल लिहिणाऱ्यांचा बराचसा मनस्ताप या सरमिसळीतून येतो. जिथे ठाम राहायला हवं तिथे “दोन्ही चालतं” म्हणून सोडून दिलं जातं, आणि जिथे खरंच दोन्ही चालतं तिथे समोरच्याला अडाणी ठरवलं जातं.

पुढची इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. शब्दाच्या शेवटचा “स” म्हणजे इंग्रजी एस, मग त्याचा उच्चार काहीही होवो.

साध्या नामाला अपॉस्ट्रॉफी

“फोटो’स”, “व्हिडिओ’स”, “टॅक्सी’स”, “मेनू’स”. अनेकवचन म्हणून लिहिलेलं यातलं प्रत्येक रूप चुकीचं आहे. बरोबर रूपं फोटोस, व्हिडिओस, टॅक्सीस, मेनूस. याबाबत आजच्या कुठल्याही प्रतिष्ठित शैलीपुस्तिकेत मतभेद नाही.

ही चूक स्वराने संपणाऱ्या शब्दांत जास्त दिसते, आणि त्यामागे कारण आहे. ओने संपणाऱ्या काही इंग्रजी शब्दांना अनेकवचनात नुसता एस लागतो, उदाहरणार्थ फोटो, पियानो, व्हिडिओ. काहींना ई आणि एस दोन्ही लागतात: टोमॅटो, पोटॅटो, हीरो. मँगोसारख्या काहींना दोन्ही रूपं चालतात. लिहिणारा इथे अडखळतो आणि ई घालू की नको या पेचातून वाट काढायला अपॉस्ट्रॉफी टाकून मोकळा होतो. ब्रिटनमध्ये या चुकीला “ग्रीनग्रोसर’स अपॉस्ट्रॉफी”, म्हणजे भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी, असं नावच पडलं आहे. मला हे नाव आवडत नाही. चूक सगळ्या थरांतले लोक करतात आणि नाव मात्र एका कष्टाच्या धंद्याला चिकटलं.

शिवाय या चुकीचा इतिहासही आहे. अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आली, ती गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. मालकी दाखवण्याचं काम तिच्याकडे नंतर आलं. सतराव्या-अठराव्या शतकांत परभाषेतून आलेल्या, स्वरान्त शब्दांचं अनेकवचन अपॉस्ट्रॉफी देऊन करण्याची पद्धत छापील इंग्रजीतही होती. डच भाषेत तर आजही “फोटो’स”, “टॅक्सी’स”, “बेबी’स” हीच अधिकृत अनेकवचनं आहेत. त्यामुळे हे रूप मुळातच हास्यास्पद आहे, असं म्हणण्यात अर्थ नाही. इंग्रजीने ते सोडून दिलं, एवढंच. पण सोडलं ते सोडलं. आज इंग्रजीत लिहिताना ते वापरू नये.

चा-ची-चे लावून बघा

इंग्रजी कानाला अनेकवचनाचा एस आणि मालकीचा एस सारखाच ऐकू येतो. बोलताना फरक कळत नाही, म्हणून लिहिताना गोंधळ होतो. मराठीत “मुलगे” आणि “मुलाचा” यांत असा गोंधळ होऊच शकत नाही. याचा फायदा आपण घ्यावा. शंका आली की ते वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. शब्दाला चा, ची, चे किंवा च्या लागत असेल तर अपॉस्ट्रॉफी हवी. नुसतं “अनेक” एवढाच अर्थ असेल तर नको. “द फोटो’स फ्रेम” म्हणजे फोटोची चौकट, इथे हवी. “टेन फोटोस” म्हणजे दहा फोटो, इथे नको.

अवघड वाटणाऱ्या जागीही ही कसोटी टिकते. “टू वीक्स’ नोटिस” म्हणजे दोन आठवड्यांची नोटीस. “ची” आली, म्हणून अपॉस्ट्रॉफी हवी, आणि आठवडे अनेक असल्यामुळे ती एसनंतर. “वन डे’स वर्क” म्हणजे एका दिवसाचं काम, म्हणून ती एसच्या आधी. “चिल्ड्रन” आणि “विमेन” हे शब्द एसशिवायच अनेकवचनी आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे मालकीसाठी नेहमी अपॉस्ट्रॉफी आणि मग एस.

कसोटी फसते त्या दोन जागा लक्षात ठेवाव्या लागतील. पहिली सर्वनामांची. “इट्स कलर” म्हणजे त्याचा रंग, तरी अपॉस्ट्रॉफी नाही. “युअर्स”, “हर्स”, “देअर्स” यांनाही नाही. अपॉस्ट्रॉफी असलेलं “इट’स” हे “इट इज” किंवा “इट हॅज” यांचं आखूड रूप आहे. दुसरी जागा नावांची. अमेरिकेच्या “वेटरन्स डे”मध्ये अधिकृतरीत्या अपॉस्ट्रॉफी नाही, कारण तिथे वेटरन्स हा शब्द मालकी न दाखवता विशेषणासारखा येतो. “मदर’स डे”मध्ये मात्र आहे. अशा नावांना नियम लावत बसू नये. संस्था किंवा दिनदर्शिका जसं लिहिते तसं उतरवून घ्यावं.

आडनावांची अनेकवचनं

स्मिथ कुटुंब म्हणायचं असेल तर “द स्मिथ्स”. “द स्मिथ’स” असं लिहून तिथेच थांबलं की वाचक विचारतो, स्मिथचं काय? आडनाव एसने संपत असेल तर ई आणि एस जोडायचे: जोन्सचं जोन्सेस. वायने संपणाऱ्या आडनावाचं स्पेलिंग बदलत नाही. केनेडीचं अनेकवचन करताना वाय तसाच ठेवून पुढे एस, वायचा आय करायचा नाही. साऱ्या कुटुंबाची मालकी दाखवायची असेल तर आधी अनेकवचन पूर्ण करा आणि मग शेवटी अपॉस्ट्रॉफी: “द जोन्सेस’ हाउस”.

संक्षेप आणि दशकं

“सीडी’स”, “पीसी’स”, “एनजीओ’स” लिहिणाऱ्याला मी चुकलेला म्हणणार नाही, जुन्या वळणाचा म्हणेन. न्यूयॉर्क टाइम्स हे वर्तमानपत्र कितीतरी वर्षं संक्षेपांना आणि दशकांना अपॉस्ट्रॉफी देत असे, अगदी “१९८०’स” असंही. त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. मथळा पूर्ण कॅपिटल अक्षरांत असेल तर शेवटचा एस संक्षेपाचाच भाग वाटू शकतो. पुढे त्या वर्तमानपत्रानेही ही पद्धत सोडली. आता ब्रिटनमधलं ऑक्सफर्ड, अमेरिकेतलं शिकागो आणि असोसिएटेड प्रेस ही अमेरिकी वृत्तसंस्था, या तिन्हींच्या शैलीपुस्तिकांत सीडीस, एनजीओस, १९८०स हेच रूप आहे. मोठ्या अक्षरांपुढे लहान एस आला की डोळ्याला फरक आपोआप दिसतो, म्हणून मधली खूण नको. आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. “एनजीओ’स” हे रूप मालकीसाठी लागतंच. तेच अनेकवचनालाही वापरलं तर वाचकाला दर वेळी थांबून ठरवावं लागतं.

दशकाचे पहिले दोन अंक गाळले तर अपॉस्ट्रॉफी अंकांच्या आधी येते, कारण गाळलेलं तिथे आहे: “’८०स”. इथे संगणक हमखास दगा देतो. जागा सोडून खूण टाइप केली की त्याला वाटतं अवतरण सुरू होतंय, आणि तो खूण उलट्या तोंडाची करतो. उपाय सोपा आहे: खूण दोनदा टाइप करा आणि पहिली पुसून टाका.

सुटी अक्षरं: खरा वाद इथे आहे

आय या लहान अक्षराचं अनेकवचन करून बघा. पुढे नुसता एस लावला की “इज” हा शब्द तयार होतो. ए या अक्षराचा “अ‍ॅज” होतो, यूचा “अस”. वाचक ठेचकाळतो. म्हणून लहान सुट्या अक्षरांपुढे अपॉस्ट्रॉफी द्यावी, यावर शिकागो आणि असोसिएटेड प्रेस दोन्ही सहमत आहेत. अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी “कधीच नाही” असं ठासून शिकवणाऱ्यांनी हा अपवाद मुलांना सांगितलाच पाहिजे. नाहीतर पहिल्याच छापील उदाहरणाला मुलांचा शिक्षकावरचा नाही तर नियमावरचा विश्वास उडतो.

कॅपिटल अक्षरांवर मात्र वाटा फुटतात. परीक्षेत मिळालेल्या ए आणि बी या श्रेण्यांचं अनेकवचन असोसिएटेड प्रेस अपॉस्ट्रॉफी देऊन करतं, शिकागो नुसता एस लावतं. मी इथे असोसिएटेड प्रेसच्या बाजूने आहे. वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल ए आणि लहान एस आले तर ते पुन्हा “अ‍ॅज”च वाचलं जातं, आणि वाचकाची सोय हाच जर लहान अक्षरांच्या सवलतीचा पाया असेल तर तो इथेही लागू व्हायला हवा. शिकागोची बाजूही कमकुवत नाही. बी, सी, डी यांच्यात गोंधळ होत नाही, मग तिथे खूण कशाला? दोन्ही नको असतील तर वाक्य फिरवा: “ए ही श्रेणी तीन विषयांत मिळाली” अशा रचनेत अनेकवचन करावंच लागत नाही.

“डूस अँड डोन्ट्स” या जोडीवरही असाच वाद आहे. असोसिएटेड प्रेस “डू”नंतर अपॉस्ट्रॉफी देतं, शिकागो देत नाही. “डोन्ट”मध्ये आधीच एक अपॉस्ट्रॉफी आहे, ती ओ गाळल्याची. तर्काला धरून चालायचं म्हटलं तर असोसिएटेड प्रेसच्या पद्धतीत “डोन्ट”च्या पुढेही दुसरी यायला हवी, पण ती सहसा कोणी देत नाही, कारण दिसायला विचित्र दिसतं. या जोडीत मला शिकागोचं रूप जास्त सरळ वाटतं.

घाबरून उलटी चूक

अनेकवचनातल्या अपॉस्ट्रॉफीवरून बोलणी खाल्लेले लोक पुढे मालकीचीही गाळू लागतात. त्यात भोवतालची नावं गोंधळ वाढवतात. वॉटरस्टोन्स या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्या साखळीने २०१२ साली आपल्या नावातली खूण काढून टाकली. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ १८९० पासून स्थळनावांत मालकीची अपॉस्ट्रॉफी टाळत आलं आहे. मार्था’स व्हिनयार्ड या बेटासारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. केंब्रिजच्या नगर परिषदेने २०१४ मध्ये नव्या रस्त्यांच्या नावांतून ती काढायचं ठरवलं आणि विरोध झाल्यावर निर्णय मागे घेतला. हे सगळे विशेषनामांचे निर्णय आहेत. त्यांवरून सामान्य वाक्यातली “द टीचर’स बुक”मधली खूण गाळता येत नाही.

लिहून झाल्यावर तपासणी

स्पेलिंग तपासणारी साधी प्रणाली “फोटो’स” पकडत नाही, कारण मालकीचं रूप म्हणून तो शब्द वैध आहे. व्याकरण तपासणाऱ्या प्रणाली बऱ्याच जागा पकडतात, पण सगळ्या नाही. म्हणून शोध-खिडकीत अपॉस्ट्रॉफी आणि एस टाका आणि एकेका ठिकाणी चा-ची-चे लावून बघा. सगळीकडे एकदम बदल करण्याचं बटण दाबू नका, त्यात मालकीची रूपंही मोडतील. सरळ आणि वळलेली अशा दोन्ही खुणा शोधा. दोन ठिकाणांहून चिकटवलेल्या मजकुरात दोन्ही सापडतात.

वाद घालावा लागलाच तर

जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये इंग्लंडमध्ये अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि २०१९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, बंद केली. अज्ञान आणि आळस जिंकले, असं त्यांचं म्हणणं होतं. (संस्था पुढे इतरांनी पुन्हा सुरू केली.) त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, आळसाच्या आरोपाशी मात्र मी सहमत नाही. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, मालकीच्या “इट्स”ला अपॉस्ट्रॉफी दिलेली आहे. ते लिहिणारे आळशी नव्हते. त्या काळी रूप पक्कं ठरलेलं नव्हतं.

वरिष्ठ “१९८०’स असंच लिहा” म्हणत असतील तर आधी संस्थेची शैलीपुस्तिका बघा. तिथे तसं असेल तर तसंच लिहा, फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखं. शैलीपुस्तिका नसेल तर संक्षेप, दशकं आणि सुटी अक्षरं यांबद्दल एकेक ओळ लिहून सर्वांची संमती घ्या. पण साध्या नामाला अपॉस्ट्रॉफी हवी असा आग्रह असेल तर शब्दकोश उघडून अनेकवचनाची नोंद दाखवा. फोटोचं अनेकवचन बहुतेक इंग्रजी शब्दकोशांत शब्दाशेजारीच छापलेलं असतं.