अनुदानाआधी स्वतःची पेटी: बचत गट कसा चालवायचा

गटात 10 ते 20 बाया घ्या. तेवढ्यांना नोंदणी लागत नाही. शक्यतो एकाच मोहल्ल्यातल्या, म्हणजे हप्ता बुडाला तर शेजारीणच विचारते. ते काम कोणता साहेब करत नाही. नुसत्या अनुदानासाठी जमवलेला गट पैसे वाटून झाले की मोडतो.

बाराजणींनी महिन्याला 100 रुपये टाकले तर ऑगस्ट ते मे 12,000 जमतात. खरी ओढाताण जूनमध्ये: बियाण्यासाठी साऱ्याजणींना एकदमच कर्ज हवं असतं. म्हणून मेच्या बैठकीतच कुणाला किती ते ठरवा, अन् दुखण्याखुपण्यासाठी 2,000 बाजूला ठेवा. 3,000 वर दरमहा दोन टक्के म्हणजे 60 रुपये व्याज. कापूसवालीचा हप्ता वेचणीनंतर, डिसेंबरपासून, मजुरीवालीचा दरमहा. सगळ्यांना एकच तारीख लावली की पोळ्यापर्यंत थकबाकी झालीच समजा.

खातं दोघींच्या सहीचं उघडा. रक्कम बैठकीत मोठ्यानं मोजा, वहीत आणि पासबुकात तिथंच लिहा. "घरी जाऊन लिहिते" म्हटलं की दहा-वीस रुपयांचा घोळ होतो, आणि गट फुटतात ते बहुतेक त्याच दहा-वीस रुपयांवरून.