जुन्या पिकअपचा टेम्परेचर काटा बिघडलाय की इंजिन खरंच तापतंय? असं तपासा

जुन्या पिकअपचा टेम्परेचर काटा साधारण तीन तऱ्हांनी बिघडतो. एकतर तळाशी पडून राहतो, नाहीतर चावी फिरवताच लालमध्ये जाऊन बसतो, किंवा चालत्या गाडीत वर-खाली नाचतो. प्रत्येक तऱ्हेचं कारण बहुधा वेगळं असतं. म्हणून सेन्सर (इंजिनवर बसून तापमान मीटरला कळवणारा भाग) विकत आणायच्या आधी काट्याची चाल टिपून ठेवा: गार इंजिनवर तो कुठे असतो, हेडलाइट लावल्यावर हलतो का, पेट्रोल-डिझेलचा काटाही त्याच्यासोबत वेडंवाकडं वागतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर अर्धा शोध तिथेच संपतो. ते पुढे येईलच.

आधी इंजिनची शहानिशा

काटा खोटा आहे असं धरून चाललात आणि तो खरा निघाला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) खर्च अंगावर येईल. त्यामुळे मीटरला हात लावण्याआधी इंजिन बघायचं. गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) गळ्यापर्यंत आहे का पाहा. गरम इंजिनवर झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच फसफसून अंगावर येतं.

कूलंट कमी निघालं तर मीटरचा विषय बाजूला ठेवून आधी गळती शोधा. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तरच तो बरोबर सांगतो. पातळी उतरली की टोक हवेत राहतं, आणि इंजिन भाजून निघत असतानाही काटा निवांत खाली येतो. चढावर तापत गेलेला काटा अचानक ‘गार’ दाखवू लागला तर सुटकेचा श्वास न सोडता गाडी बाजूला घ्या.

कूलंट ठीक असेल तर इंजिन सुरू करून गरम होऊ द्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने (न टेकवता लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९१ अंशांच्या दरम्यान उघडतात. आकडा त्याच्या आसपास स्थिर आणि काटा भलतीकडेच, तर दोष मीटरच्या बाजूला आहे. काटा कायम खाली, केबिनचा हीटर कोमट आणि वरचा होज पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू तापत असेल, तर मीटर खरं बोलतोय. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, तो बदला.

वायर काढा, मग टेकवा

मीटरची वायरिंग फार साधी असते. चावीतून करंट मीटरला येतो, मीटरमधून एकच वायर इंजिनवरच्या सेन्सरला जाते, आणि सेन्सरच्या धातूच्या अंगातून इंजिनमार्गे अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंटची परतीची वाट, पूर्ण होतो. सेन्सर गार असला की त्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) जास्त, तापला की कमी. ज्या गाडीत इंजिनचा कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) असतो, तिथे त्याचा वेगळा, बहुधा दोन वायरींचा सेन्सर जवळच बसवलेला असतो; आपल्याला मीटरचा, सहसा एका वायरीचा, हवाय.

हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, चावी ‘ऑन’ करा. सेन्सरवरची वायर उपसा आणि कशालाही लागू देऊ नका. काटा एकदम गार बाजूला जायला हवा. आता तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा. काटा गरम बाजूला चढायला हवा. काही थोड्या गाड्यांत हे उलटं असतं, म्हणून वर्कशॉप मॅन्युअल बघून घ्या.

टेकवण्याआधी मीटर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. चावी फिरवल्यावर काटा आरामात सरकत वर येत असेल, तर आत तापून वाकणारी, दोन धातू जोडून केलेली पट्टी आहे. असा मीटर थेट अर्थला धरून ठेवला तर जळू शकतो. मध्ये सुमारे १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि काटा वर निघाला की लगेच काढा. काटा झटकन उडी मारत असेल तर आत कॉइल आहे. तो लगेच उत्तर देतो, पण तिथेही वायर रेंगाळत टेकवून ठेवायचं कारण नाही.

दोन्ही वेळा काटा बरोबर हलला, तर मीटर आणि वायर दोघंही निर्दोष. संशय सेन्सरवर किंवा त्याच्या अर्थवर. वायर काढूनही काटा लालमध्येच राहिला, तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला लागते आहे. एग्झॉस्टजवळ आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकापाशी आधी बघा. टेकवूनही काटा हललाच नाही, तर वायर तुटलीय, फ्यूज गेलाय किंवा मीटरपर्यंत करंट पोचत नाही.

अर्थ, आणि मगच सेन्सर

सेन्सर बदलायची घाई सगळ्यांनाच असते, पण जुन्या गाडीत माझा पहिला संशय अर्थवर असतो. वायरच्या टोकावर हिरवट बुरशी जमलीय का बघा, खरवडून साफ करा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळलेले असतील तर अर्थ तिथेच अडतो. मल्टीमीटरने आधी सेन्सरच्या वायर जोडायच्या टोकापासून त्याच्याच षटकोनी अंगापर्यंत रेझिस्टन्स मोजा, मग त्याच टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. दुसरा आकडा स्पष्टपणे जास्त आला तर सेन्सर ठीक आहे, आट्यांवरचा टेप नाहीतर इंजिनची अर्थ पट्टी दोषी आहे. हेडलाइट लावताच काटा सरकत असेल तर डॅशबोर्डचा अर्थही तपासा.

सेन्सरची खरी परीक्षा गरम पाण्यात होते. गार इंजिनमधून तो काढा, फक्त कूलंटकडचं टोक पाण्यात बुडवा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवत रेझिस्टन्स बघत जा. आकडा सलग उतरायला हवा. मध्येच उडी मारली किंवा अडकून बसला तर सेन्सर गेला. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, ते मॅन्युअलमधूनच घ्या. नवीन घेताना आटे जुळले एवढ्यावर समाधान मानू नका: दुसऱ्या मॉडेलचा सेन्सर त्याच भोकात छान बसतो आणि काटा मात्र जन्मभर दोन रेघा वर दाखवतो. नवा सेन्सर सील करायला वॉशर किंवा सीलंटचा पातळ हात पुरतो, आणि पितळी आट्यांवर पाना जोरात चालवायचा नाही.

दोन्ही काटे एकदम बिघडले तर

बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डमागे छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. तो मीटरना बॅटरीचा पूर्ण दाब न देता सरासरी ५ व्होल्ट, काही गाड्यांत १० व्होल्ट देतो. त्याचा अर्थ सुटला की पूर्ण बॅटरी व्होल्टेज पुढे जाऊ शकतं आणि इंधन, तापमान दोन्ही काटे जास्त दाखवतात. रेग्युलेटर बंद पडला तर दोन्ही तळाशी. जुना रेग्युलेटर चालू-बंद होत काम करतो, त्यामुळे मल्टीमीटरवर आकडा स्थिर न दिसता लुकलुकतो. त्याला बिघाड समजू नका. मीटरचा संच बाहेर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. मागे मीटरच्या बोल्टांवरचे नट सैल नाहीत ना आणि छापील सर्किटचा पत्रा उचलला गेला नाही ना, हे बघा. मीटर स्वतःच मेलेला क्वचितच निघतो.

काम झालं की कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा आणि सिस्टीममधली हवा निघू द्या. हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी अडकला तर नवा सेन्सरही चुकीचंच दाखवेल. दुसऱ्या दिवशी गाडी गार असताना पातळी पुन्हा बघा, कमी झाली असेल तर भरा, आणि इंजिन तापवून काळ्या टेपवरचा आकडा काट्याशी ताडून पाहा.