‘टेन्शनने अल्झायमर होतो’ ही उंदरांवरची बातमी कशी वाचायची

अशी बातमी आली की जो आधीच काळजी करत बसतो त्याला अजून एक काळजी लागते, म्हणून पुढे पाठवायच्या आधी पहिलं हे बघा की उंदीर घाबरलाय हे मोजलं कसं. बहुतेक वेळा अधिकच्या चिन्हासारखं एक उंच मचाण असतं, दोन फाट्यांना भिंती, दोन फाटे उघडे, उंदराला मधोमध सोडतात आणि साधारण ५ मिनिटं बघतात. उघड्यावर जायला उंदीर मुळातच घाबरतो, त्यामुळे तो भिंतींच्या आडच बसून राहिला की अँग्झायटी जास्त, एवढाच हिशोब. त्यात शेपटीला धरून उचललेला उंदीर तसाही जास्त बिथरलेला असतो!

मग बघा उंदीर कुठला. साध्या उंदरांना आपल्यासारखा अल्झायमर आपोआप होत नाही, माणसातले बिघडलेले जीन घालून त्यांच्या मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, साचवतात, आणि ते जीन बहुतेक करून घराण्यात चालत येणाऱ्या दुर्मिळ प्रकारातले असतात. शिवाय असे जीनवाले सगळे उंदीर सारखे वागत नाहीत. ‘थ्री एक्स टीजी’ जातीचे बऱ्याच प्रयोगांत जास्त भित्रे दिसलेत, तर ‘फाइव्ह एक्स फॅड’वाले उलट उघड्या फाट्यावर जास्त फिरतात. म्हणजे भीती गेली? तसंही नाही, २०१४ च्या एका प्रयोगात त्यांच्या मिशा कापल्या तर ते परत भिंतींच्या आड जायला लागले, म्हणजे मिशांना भिंत घासलेलीच त्यांना सहन होत नसावी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, नुसता आकडा बघितला असता तर आपण भलतंच समजून बसलो असतो.

तिसरं, आधी काय झालं ते शोधा. २००७ मध्ये अशा जीनवाल्या उंदरांना कित्येक आठवडे एकेकटं ठेवलं तर मेंदूतलं अमायलॉइड वाढलं, स्ट्रेसचा संदेश देणारं सीआरएफ मेंदूत सोडलं तरी वाढलं, त्यामुळे संबंध आहे, उडवून लावू नका. पण आजारानेही मेंदूतली भीतीची यंत्रणा बिघडते, तेव्हा उलटा बाणही खरा असू शकतो.

म्हणूनच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कधी नव्हे ती धास्ती वाटायला लागली आणि सोबत विसरणंही वाढलं, तर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून सोडू नका, कधीपासून आणि काय काय बदललं ते लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा.