स्वीडनमधलं मूळ गाव शोधताना या चुका टाळा

माझं सासर मूळचं स्वीडनचं. लग्न होऊन अमेरिकेत, मिनेसोटात आले तेव्हापासून चर्चची जुनी दप्तरं वाचते आहे. आता ओळखीचे लोक आपापली वंशावळ घेऊन येतात आणि चुका सगळ्यांच्या त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नाव जुळलं की माणूस सापडला असं धरून चालणं. मीही केली. सासूबाईंच्या आजोबांच्या बायबलमध्ये ‘रिस्बी’ एवढंच लिहिलेलं. कालमार लेनमधल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, रिस्बीत त्याच नावाचा, त्याच सालचा मुलगा मिळाला आणि मी त्याच्या मागच्या सहा पिढ्या जोडल्या. वर्षभरानं हूसफोरहोर्सलेंग्द नीट पाहिली. पाद्री घरोघरच्या माणसांची धर्मज्ञानाची परीक्षा घ्यायचा, त्याची ही वही. मुलाच्या नावावर आडवी रेघ, मृत्यूच्या रकान्यात तारीख. चार वर्षांचा होऊन गेलेला. आमचे आजोबा क्रोनोबेर्ग लेनमधल्या रिस्बीचे निघाले. दोन्ही गावं स्मोलांड या एकाच प्रांतातली! कुणाचं तरी गेलेलं लेकरू मी आमच्या घराण्यात ओढलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून अमेरिकेतल्या कागदात पूर्ण जन्मतारीख मिळेपर्यंत मी स्वीडिश दप्तर उघडत नाही. ऑगस्टाना सिनॉड म्हणजे अमेरिकेतल्या स्वीडिश लोकांचा लूथरन चर्चसंघ. त्याच्या चर्चच्या दप्तरात सभासदाची जन्मतारीख आणि पुष्कळदा सोकेन, म्हणजे पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) हेही नोंदलेलं असतं. त्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला स्वेन्सन सेंटरमध्ये आहेत. मग माणूस एका वहीतून पुढच्या वहीत न्यायचा, थेट अमेरिकेला गेल्याचा शेरा येईपर्यंत. हे कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

आडनावावर विसंबू नका. योहान्सन म्हणजे योहानचा मुलगा; त्याचे वडील पेटरसन असू शकतात, बहीण योहान्सडोटर, आणि लग्नानंतरही तीच. शिपायाला तर पलटणीत वेगळंच नाव मिळायचं: रास्क, मोडिग.

अमेरिकेतल्या कागदात लिहिलेलं ‘गोथेनबर्ग’ बहुतेकदा जहाजाचं बंदर असतं, जन्मगाव नव्हे.

नाव शोधताना लक्षात ठेवा, स्वीडिश यादीत Å, Ä, Ö ही ठिपक्या-वर्तुळांची तीन अक्षरं अगदी शेवटी येतात.

दुसऱ्याची तयार वंशावळ उतरवून घेऊ नका. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली स्कॅन केलेली पानं २०१८ पासून फुकट आहेत. मूळ पान बघायला पाच मिनिटं लागतात.

आणि सोकेन मिळालं म्हणून तिथेच थांबू नका. वही शेतवाड्यांनुसार लावलेली असते, माणसांनुसार नाही. जमीन नसलेल्यांची, झोपड्यांत राहणाऱ्यांची नावं मोठ्या शेतकऱ्यांच्या मागून येतात. आमचे आजोबा तिथेच होते, आईच्या नावाखाली तिसऱ्या ओळीत.