विद्यार्थी संघटनेतलं एक वर्ष कसं वापरावं: नाशिकच्या एमबीएच्या मुलामुलींसाठी, अंबडहून

एमबीएचा प्रवेश पक्का होऊन महिना होत नाही तोच वर्गात फॉर्म फिरतो. प्लेसमेंट समिती, मार्केटिंग क्लब, फायनान्स क्लब, सांस्कृतिक, क्रीडा. कोण कशात नाव देणार? बहुतेक जण शेजारच्याने जिथे टिक केली तिथेच टिक करतात. मी अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर बघते. एमबीए नाशिकमध्येच केलं आणि तेव्हा आमच्या संघटनेत स्पॉन्सरशिपचं काम माझ्याकडे होतं. आता कार्यक्रमासाठी पैसे मागायला येणारी मुलं माझ्याच टेबलासमोर बसतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच काहींच्या मुलाखती मी घेते. या दोन्ही बाजूंनी जे दिसतं ते इथे लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: असं काम घ्या, जे तुम्ही केलं नाही तर कुणाचं तरी अडेल, आणि जे केल्यावर मागे कागद राहील. खजिनदार, नोंदणीचं टेबल, पाहुण्यांशी पत्रव्यवहार, कंपनीभेटीची जुळवाजुळव, प्लेसमेंट समितीतलं फोनाफोनीचं काम, यांतलं काहीही चालेल. सूत्रसंचालन वाईट नाही, पण माइक सगळ्यांनाच हवा असतो आणि हिशेबाची वही कुणालाच नको असते. तुम्ही वही घ्या. आणि एकच घ्या. चार समित्यांत नाव असलेल्या मुलाला मी मुलाखतीत विचारते, की यातलं तू एकट्याने पार पाडलेलं काम कोणतं? तिथे बहुतेकांची गाडी अडते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं, इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून संघटनेत आपल्याला कोण विचारणार. मंडपवाला, साउंडवाला, प्रिंटिंग प्रेस, कॅटरर, एमआयडीसीतले लघुउद्योजक, बाजार समितीतले व्यापारी हे सगळे मराठीत आणि हिंदीत बोलतात. यांच्याशी नीट, मुद्द्याचं बोलता येणारा मुलगा संघटनेला हवाच असतो. इंग्रजीचं एक पानी पत्र मात्र स्वतः लिहायला शिका. पहिलं एखाद्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या, दुसऱ्यापासून जमायला लागतं.

बैठक कधी ठेवायची

हा मुद्दा छोटा वाटतो, पण संघटनेत कोण टिकणार ते इथेच ठरतं. आमच्या वर्गात निफाड, सिन्नर, दिंडोरीहून रोज एसटीने येणारी बरीच मुलं होती, मीही त्यांतलीच. बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवली की आम्ही आपोआप बाहेर. उरायची ती कॉलेज रोड, गंगापूर रोडला राहणारी आणि हॉस्टेलवरची. मग सगळी पदं त्यांच्यातच फिरायची, आणि वर ऐकायला मिळायचं की गावाकडची मुलं पुढे येत नाहीत. तुम्ही अध्यक्ष असाल किंवा नुसते सदस्य, बैठक जेवणाच्या सुट्टीत घ्या असा आग्रह धरा. चाळीस मिनिटं पुरतात. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने भरून त्याचा फोटो ग्रुपवर टाका. ग्रुपवर चर्चा मात्र करू नका. रात्री अकराला तिथे जे वाद पेटतात त्यांचं सकाळी कुणालाच काही करता येत नाही.

परवानगीचं पत्र डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये नुसतं ठेवून येऊ नका. दोन प्रती न्या, ऑफिसात इनवर्डला एक द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. ‘पत्र मिळालंच नाही’ हे वाक्य त्यानंतर ऐकावं लागत नाही.

एमआयडीसीत पैसे मागायला जाताना

मुलं येतात ती बहुतेक चुकीच्या दिवशी. पहिला आठवडा आमचा पगाराचा. पीएफ आणि ईएसआयसीची (कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची आणि आरोग्य विम्याची) रक्कम मागच्या महिन्याची या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे तोवर एचआर आणि अकाउंट्सवाल्यांची मान वर होत नाही. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस डिस्पॅचची मारामारी, तेव्हा प्लँटमधलं कुणी भेटत नाही. उरतात १६ ते २४-२५ तारखा. फोन करून वेळ घ्या आणि त्या दिवसांत या. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस बोनसचे आणि मार्च महिना अकाउंट्सचा. ते सोडून द्या. कार्यक्रम फेब्रुवारीत असेल तर बोलणी ऑक्टोबरमध्ये सुरू करा. जानेवारीत आलात तर त्या वर्षाच्या बजेटमधलं जे वाटायचं ते वाटून झालेलं असतं.

दुसरी गोष्ट, ‘तुमच्या सीएसआरमधून द्या ना’ असं म्हणू नका. आठवड्याआड ऐकते मी हे. सीएसआर म्हणजे कंपनीने सामाजिक कामांवर करायचा खर्च, आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे तो सगळ्यांना लागू नाही. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एखादी मर्यादा गाठलेल्या कंपन्यांनाच तो बंधनकारक आहे, आणि त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चावी लागते. शिवाय आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरताच येत नाही. फेस्टला बॅनर लावून मिळालेले पैसे हे जाहिरातीच्या किंवा मार्केटिंगच्या खर्चातले असतात. म्हणजे भेटायचं मार्केटिंगच्या माणसाला, आणि लहान कंपनी असेल तर थेट मालकांना. एवढं माहीत असलेला विद्यार्थी आला की मी स्वतः त्याला घेऊन आमच्या मार्केटिंगच्या साहेबांकडे जाते.

पत्र एका पानाचं असावं. किती विद्यार्थी येणार, कोणत्या अभ्यासक्रमाचे, तारीख, जागा, नेमकी रक्कम, त्या बदल्यात कंपनीला काय मिळणार, आणि पैसे कोणत्या खात्यात जाणार. खातं संस्थेचंच. तुमच्या मोबाइलवरचा क्यूआर पुढे केलात तर कुठलीच नीट चालणारी कंपनी एक रुपया देणार नाही, आणि तिने दिला तरी तुम्ही घेऊ नका.

लहान कारखानदाराला बॅनरवरच्या नावाचं फारसं अप्रूप नसतं. त्याचा माल पाच मोठ्या कंपन्यांना जातो, त्याला विद्यार्थ्यांत प्रसिद्धी कशाला हवी? त्याला विचारा, ‘आम्ही तुमचं एखादं काम करून दिलं तर?’ आमच्या वेळी एका मसालेवाल्यांना जाणून घ्यायचं होतं, की किराणा दुकानदार त्यांची पाकिटं समोर का टांगत नाहीत. आम्ही सिडको आणि पंचवटीतली दुकानं वाटून घेतली. सिडकोतल्या एका काकांनी काही न बोलता मागच्या फळीवरून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. टांगण्यासाठी वर भोक असतं तिथेच पट्टी फाटली होती. ‘टांगलं की दोन दिवसांत खाली पडतं, बाळा. मग मी कशाला टांगू?’ तेच आणखी तिघा-चौघांनी सांगितलं. आम्ही दोन पानी अहवाल केला, फाटक्या पाकिटांचे फोटो जोडले आणि नेऊन दिला. स्पॉन्सरशिप मिळालीच, शिवाय वर्गातल्या दोघांची समर इंटर्नशिप तिथे ठरली. एखाद्या धंद्याची अडचण दुकानाच्या फळीवर कशी दिसते, ते मला तेव्हा कळलं. वर्गात मार्केटिंग रिसर्चचा पेपर होताच, पण या दुपारनंतर तो मला समजू लागला.

ओळखी नाहीत असं म्हणू नका. सातपूरला निमा हाऊस आहे, अंबडला आयमा आहे. दोन्ही उद्योजकांच्याच संघटना. त्यांच्या चर्चासत्रांना, प्रदर्शनांना स्वयंसेवक म्हणून जा, नोंदणीला बसा, खुर्च्या लावा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथेही जा. वक्त्याची ओळख किती लांबीची असावी, कार्यक्रम वेळेवर कसा सुरू होतो, पाहुण्याला कोण आणतं आणि कोण सोडतं, हे बघून येतं.

कंपनीभेट आणि पाहुणे

साठ जणांची बस घेऊन प्लँटच्या गेटवर उभं राहायचं नसतं. तीस-तीसच्या दोन तुकड्या करा. नावांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती आधी पाठवा. सगळ्यांच्या पायात बूट हवेत, ओढणी बांधलेली हवी, मोबाइल गेटवर जमा करायची तयारी हवी. परत आल्यावर दोन दिवसांत आभाराचं पत्र आणि एक पानी टिपण पाठवा. हे जवळजवळ कुणीच करत नाही, म्हणून जे करतात ते लक्षात राहतात.

नाशिकमध्ये भेट म्हणजे फक्त सातपूर-अंबड असं नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघा. क्विंटलचा भाव ट्रॅक्टरसमोर उभं राहून मिनिटाभरात कसा ठरतो ते पाहिलं की मागणी-पुरवठ्याचा आलेख वेगळ्या नजरेने वाचाल. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी आहे, द्राक्षं तिथून परदेशी जातात. मात्र द्राक्षाच्या ऐन हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, परवानगी मागू नका. तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

प्रॉडक्शनचे लोक व्याख्यानाला हवे असतील तर दुपारी चारची वेळ ठेवा. पहिली पाळी साधारण तीनला सुटते, मग ते मोकळ्या मनाने येतात. संध्याकाळचा कार्यक्रम मोकळ्या मैदानात असेल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आधी काढा आणि रात्री दहाला आवाज बंद होईल असाच आराखडा करा.

हिशेब

कच्चं बिल घेऊ नका. प्रत्येक बिलावर कशासाठी, कुणी आणलं, तारीख आणि दोन सह्या. रोजचा खर्च रोज लिहा. कार्यक्रम संपल्यावर आठवड्याच्या आत जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा, कुणी मागितला नसला तरी. पैशांवरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे, आणि दर वेळी तिथे चोरी झालेली नव्हती, फक्त वही लिहिलेली नव्हती.

मुलाखतीत हे कसं सांगायचं

‘इव्हेंट कोऑर्डिनेटर होतो, टीमवर्क आणि लीडरशिप शिकलो.’ हे वाक्य मी एका दिवसात दहा तोंडून ऐकते. पुढचे माझे प्रश्न ठरलेले: बजेट किती होतं, खर्च किती झाला, कोण नाही म्हणालं, मग काय केलं? गेल्या खेपेला एक मुलगी आली. म्हणाली, ‘मॅडम, मी फक्त नोंदणीचं टेबल सांभाळलं.’ मी म्हटलं, सांग मग. तिने सांगितलं, की पहिल्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली, कारण आधी पैसे भरलेले आणि जागेवर भरणारे एकाच रांगेत होते. दुसऱ्या दिवशी तिने दोन टेबलं केली, आधी भरलेल्यांचे बॅज आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे खोक्यांत लावले, आणि उद्घाटन वेळेवर झालं. तिने माझ्यासमोरच्या कागदावर टेबलं कुठे होती त्याचं चित्रही काढून दाखवलं. आमच्याकडे जॉइनिंगच्या दिवशी कामगारांची अशीच रांग लागते. तिला आम्ही घेतलं.

तर बायोडेटात पद लिहा, पण त्याखाली एक ओळ कामाची असू द्या. ‘खजिनदार’ एवढंच नको. ‘वार्षिक कार्यक्रमाचा जमाखर्च ठेवला, सर्व बिलं संस्थेच्या अकाउंट्स विभागाला मुदतीत सादर केली’ असं लिहा. आकडे असतील तर द्या, खरेच द्या. आम्ही प्राध्यापकांना फोन करून विचारतो.

वेळेचंही बघा. दुसऱ्या सत्रानंतर समर इंटर्नशिप असते, त्या काळात संघटनेचं काम अंगावर घेऊ नका. तिथलं काम अर्धवट राहिलं तर नुकसान तुमचंच. तिसऱ्या सत्रात जोर लावा. चौथ्या सत्रात प्लेसमेंट आणि प्रोजेक्ट असतो, तोवर पद ज्युनिअरच्या हातात गेलेलं असावं. हजेरीचं गणित पदासाठी कुणी माफ करत नाही.

पद सोडताना

डिसेंबरात एक फाईल करा. त्यात शिक्के मारलेली परवानगीपत्रं, जमाखर्च, मंडपवाला-साउंडवाला-कॅटरर यांचे नंबर आणि त्यांनी लावलेले भाव, कोणत्या कंपनीत कुणाला भेटलो आणि ते काय म्हणाले, हे सगळं ठेवा. ‘नाही’ म्हणालेल्यांची यादी तर नक्कीच ठेवा, कारणासकट. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी निम्मे लोक वेळेत विचारलं तर हो म्हणतात. ज्युनिअरला ती फाईल नुसती हातात देऊ नका. त्याला किंवा तिला सोबत घेऊन निदान एका कंपनीत जा, समोरासमोर ओळख करून द्या, ‘आता पुढे हे बघतील’ असं तिथल्या साहेबांना सांगा. फाईलची एक प्रत प्रभारी प्राध्यापकांकडे आणि एक स्वतःकडे ठेवा. मुलाखतीला जाताना तीच सोबत न्या.