संसदेतील विधेयकाचा माग कसा काढावा

गाळप हंगाम सुरू झाला की लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या ऊसपट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येते: ‘ऊस कारखान्यात गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले पाहिजेत, असा कायदाच आहे.’ वाक्य खरे आहे. पण तो कायदा दाखवा म्हटले की बहुतेक जण थबकतात. संसदेने केलेला जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ उघडून पाहिला तर त्यात हे चौदा दिवस सापडत नाहीत. ते सापडतात त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केंद्र सरकारने काढलेल्या ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये. आणि मुदत टळल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागेल, ही तरतूदही तेथेच आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर रविवारी जमणाऱ्या मंडळींना हे हुडकायला तीन रविवार लागले होते. तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचा जाऊ नये, आणि नवे विधेयक दिल्लीत मांडले जाते तेव्हा त्याचा माग पहिल्या दिवसापासून ठेवता यावा, यासाठी पुढील पद्धत सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला, आपल्याला ज्या गोष्टीची काळजी आहे ती नेमकी कोणत्या जातीची आहे हे ठरवावे. अधिनियम विधिमंडळ किंवा संसद करते; नियम आणि आदेश सरकार करते, पण अधिनियमाने दिलेल्या अधिकारातच; योजना मार्गदर्शक सूचनांवर चालते; आणि आपण ज्याला सरसकट जीआर म्हणतो तो शासन निर्णय हा राज्य सरकारचा प्रशासकीय निर्णय असतो. पंतप्रधान पीक विमा ही योजना आहे, तिच्यासाठी संसदेने वेगळा अधिनियम केलेला नाही. त्यामुळे तिच्यातील त्रुटीसाठी विधेयकाची वाट पाहत बसणे व्यर्थ ठरते. त्यानंतर विषय केंद्राचा की राज्याचा हे पाहावे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत. शेतजमीन, कुळांचे हक्क, सहकारी संस्था हे विषय राज्यसूचीत येतात. भूसंपादन समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्याही कक्षेत येते. मराठवाड्यात तर आणखी एक पदर आहे: आपल्याकडील कुळकायदा हैदराबाद संस्थानाच्या काळानंतर, पण मराठवाडा मुंबई राज्यात येण्यापूर्वी, १९५० साली झालेला आहे, आणि पुणे-साताऱ्याकडचा कुळकायदा त्याहून वेगळा आहे. मुंबईचे पुस्तक घेऊन परभणीच्या जमिनीचे उत्तर शोधणाऱ्यांची यामुळे फसगत होते.

विषय दिल्लीचा आहे असे ठरले की संसदेची रचना डोळ्यांसमोर हवी. राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून संसद होते. लोकसभेच्या ५४३ निवडून येणाऱ्या जागांपैकी महाराष्ट्राच्या ४८, आणि त्यांतील आठ मराठवाड्याच्या. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य असतात. त्यांना विधानसभेचे आमदार निवडून देतात, त्यांची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. वर्षात साधारणपणे तीन अधिवेशने होतात, अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, असे घटनेचेच बंधन आहे. प्रत्येक अधिवेशनापूर्वी मांडल्या जाणाऱ्या विधेयकांची यादी प्रसिद्ध होते. माग काढण्याचे काम त्या यादीपासून सुरू करावे.

यादीतील विधेयक कोणत्या प्रकारचे आहे, हे नीट पाहावे, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. धन विधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी कर्ज व खर्च अशा बाबींचे विधेयक, फक्त लोकसभेतच मांडता येते आणि राज्यसभेला ते चौदा दिवसांत आपल्या शिफारशींसह परत करावे लागते; त्या शिफारशी मानणे लोकसभेवर बंधनकारक नसते. घटनादुरुस्तीला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. मंत्र्याने मांडलेले ते सरकारी विधेयक. इतर कोणत्याही खासदाराने मांडलेले ते खासगी, आणि त्याला शुक्रवारी दुपारचा वेळ राखलेला असतो. खासगी विधेयक मांडले गेल्याची बातमी वाचून हुरळून जाऊ नये, कारण स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदा विधेयके कायदा झाली आणि त्यांतील शेवटचे १९७० सालचे आहे. तरीही एखाद्या प्रश्नाची सभागृहात रीतसर नोंद व्हावी यासाठी तो मार्ग मोलाचा आहे, असे माझे मत आहे.

आता विधेयक हातात घेऊन वाचण्याकडे वळू. ते संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि हिंदीत मिळते, आणि घटनेनुसार इंग्रजी पाठ हाच प्रमाण मानला जातो. म्हणून हिंदी वाचून अर्थ समजून घ्यावा, पण शंका आली की इंग्रजी पाठ पाहावा. बरेच जण पहिल्या पानापासून वाचायला बसतात आणि चौथ्या पानावर सोडून देतात. त्यापेक्षा शेवटाकडून सुरुवात करावी. खंड, म्हणजे विधेयकातील कलमे, संपल्यावर ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. सरकारला हे विधेयक का हवे आहे, ते त्यात मंत्र्याच्या सहीनिशी लिहिलेले असते. त्यानंतर वित्तीय ज्ञापन येते, त्यावरून खर्च कोणाच्या माथी पडणार ते कळते. त्यानंतरचे ज्ञापन प्रत्यायोजित विधिविधानाविषयी असते, आणि माझ्या अनुभवात संपूर्ण कागदातील सर्वांत महत्त्वाचे पान तेच: कोणकोणत्या बाबी संसद स्वतः न ठरवता सरकारच्या नियमांवर सोपवत आहे, त्याची यादी त्यात असते. चौदा दिवसांसारख्या मुदती, शुल्क, अर्जाचे नमुने, कोणता अधिकारी सुनावणी घेणार, असे रोजच्या जगण्याला भिडणारे पुष्कळ तपशील याच वाटेने पुढे जातात.

जुन्या अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक असेल तर ते नुसते वाचून काहीच समजत नाही. त्यात ‘पोटकलम (२) मधील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द घालण्यात यावेत’ अशी वाक्ये ओळीने असतात. अशा विधेयकाच्या अखेरीस परिशिष्ट जोडलेले असते आणि त्यात मूळ कलमांचे उतारे असतात. ते परिशिष्ट छापून घ्यावे, शिसपेन्सिलीने जुने शब्द खोडावेत, वर नवे लिहावेत, आणि मग कलम सलग मोठ्याने वाचावे. कलम कागदावर असे उतरले की बदल नेमका कोठे झाला ते शेतकऱ्यापासून वकिलापर्यंत सर्वांना सारखेच दिसते. वाचताना तीन ठिकाणी पेन्सिल थांबली पाहिजे. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात मर्जी. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असे दिसले की तपशील नियमांत जाणार, हे समजावे. आणि ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक कधीही गाळू नये, कारण वरच्या वाक्याने दिलेला हक्क खालच्या परंतुकाने अर्धा काढून घेतलेला असू शकतो.

विधेयकाचा प्रवास समजण्यासाठी मी वाचनालयात नेहमी भूसंपादनाचे उदाहरण घेतो, कारण रस्ता, तलाव किंवा औद्योगिक वसाहत यांत जमीन गेलेले घर प्रत्येक गावात असते. हे विधेयक ७ सप्टेंबर २०११ रोजी लोकसभेत मांडले गेले तेव्हा त्याचे नाव वेगळे आणि बरेच आटोपशीर होते. ‘वाजवी भरपाई मिळण्याचा व पारदर्शकतेचा हक्क’ हे शब्द नावात नंतर आले. म्हणून नुसत्या नावावर शोध न घेता विधेयकाचा क्रमांक व वर्ष वहीत टिपून ठेवावे. मांडल्यानंतर ते ग्रामविकास विषयाच्या स्थायी समितीकडे गेले आणि समितीचा अहवाल मे २०१२ मध्ये आला. लोकसभेने ते २९ ऑगस्ट २०१३ रोजी आणि राज्यसभेने ४ सप्टेंबरला संमत केले. राज्यसभेने दुरुस्त्या केल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकसभेपुढे आले. राष्ट्रपतींची संमती २६ सप्टेंबरला मिळाली, आणि कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १ जानेवारी २०१४ रोजी.

या साऱ्या प्रवासात सामान्य माणसाला खरोखर हात घालता येतो तो समितीच्या टप्प्यावर. विभागवार स्थायी समित्यांची पद्धत १९९३ साली सुरू झाली, आणि त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष आपल्या लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर होते, हे मराठवाड्यातील वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुरुवातीला अशा सतरा समित्या होत्या, आता चोवीस आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. सभागृहात पक्षादेश मोडून मत दिले तर दहाव्या अनुसूचीनुसार खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे तेथे कोणाचे मन वळण्याची शक्यता थोडीच असते. समितीत पक्षादेश चालत नाही, बैठक बंद दाराआड होते, आणि वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य एकाच कलमावर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच असे नाही आणि समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नसतात. तरी अहवालानंतर सरकारने स्वतःच दुरुस्त्या आणल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. विधेयके समितीकडे न पाठवता घाईने संमत होतात तेव्हा आपल्यासारख्या दूरच्या माणसाचे सर्वाधिक नुकसान होते, असे मला मनापासून वाटते.

समिती सूचना मागवते तेव्हा वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर निवेदन येते, आणि मुदत पुष्कळदा पंधरा दिवसांचीच असते. आमच्या मंडळींनी एकदा चार पानांचे सुंदर निवेदन तयार केले, सह्या गोळा करण्यात आठवडा घालवला, आणि ते पाठवले तेव्हा मुदत संपून गेली होती. उत्तरही आले नाही. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला: प्रथम दोन पानांचे निवेदन तीन-चार जणांच्या नावाने पाठवायचे आणि सह्यांची मोहीम मागाहून करायची. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लागते. त्यात भाषण नको. प्रत्येक मुद्द्याला खंडाचा क्रमांक द्यावा, सध्याचे शब्द उतरवावेत, त्याखाली आपल्याला हवे असलेले शब्द लिहावेत, आणि मग चार ओळींत गावातला अनुभव सांगावा: कोणत्या कार्यालयात कोणता कागद किती महिने अडला, सामाईक खातेदार किती होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावे होती की नव्हती. समितीपुढे प्रत्यक्ष बोलायचे असल्यास तसे त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. हीच प्रत आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना द्यावी, आणि राज्यसभेतील एखाद्या सदस्यालाही. मराठवाड्यात आठच लोकसभा सदस्य असले तरी राज्यसभेचे १९ सदस्य अख्ख्या महाराष्ट्राचे आहेत.

सभागृहातील टप्पा घरबसल्या संसदेच्या वाहिनीवर पाहता येतो. प्रथम सर्वसाधारण चर्चा होते, मग खंडशः विचार होतो, आणि गंमत अशी की पहिला खंड व विधेयकाचे नाव सर्वांत शेवटी मतास टाकतात, कारण मधल्या खंडांत बदल झाले तर नाव आणि व्याप्तीही बदलावी लागू शकते. मतदान बहुधा आवाजी होते. आवाजी मतदानात कोणत्या खासदाराने काय मत दिले याची नोंद राहत नाही. कोणी मतविभागणीची मागणी केली तरच नावानिशी नोंद होते. म्हणून ‘आमच्या खासदारांनी कोणत्या बाजूने मत दिले’ या प्रश्नाला पुष्कळदा उत्तरच नसते, आणि ते भाषणांच्या शब्दशः वृत्तान्तात शोधावे लागते. दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. आजवर विधेयकासाठी ती तीनदाच झाली आहे, १९६१, १९७८ आणि २००२ साली.

अध्यादेशाबाबत विशेष सावध राहावे. संसद चालू नसताना राष्ट्रपती अध्यादेश काढू शकतात, पण अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने संमती दिली नाही तर तो आपोआप संपतो. भूसंपादन कायद्याच्या बाबतीत डिसेंबर २०१४च्या अखेरीस असा अध्यादेश निघाला. खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची जी अट होती, तिच्यातून काही प्रकारच्या प्रकल्पांना सूट देण्याची सोय त्यात होती. दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत झाले नाही, अध्यादेश दोनदा पुन्हा काढला गेला, आणि अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये तो संपून मूळ तरतूद कायम राहिली. त्या आठ महिन्यांतील वर्तमानपत्रांची कात्रणे दाखवून आजही ‘संमतीची अट गेली’ असे सांगणारे भेटतात.

राष्ट्रपतींच्या संमतीनंतर राजपत्रात अधिनियम क्रमांकासह प्रसिद्ध होतो, तरी काम संपत नाही. पहिल्या कलमात ‘केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे नियत करील त्या दिनांकापासून’ असे असेल तर ती अधिसूचना शोधावी; काही वेळा वेगवेगळी कलमे वेगवेगळ्या तारखांना अमलात येतात. त्यानंतर नियम पाहावेत. केंद्राचे नियम संसदेपुढे एकूण तीस दिवस ठेवावे लागतात आणि संसद त्यांत फेरबदल करू शकते. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तर तीच आपली दुसरी संधी असते. भूसंपादनाचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये निघाले, म्हणजे अधिनियम हाती आल्यानंतरही त्यांची वाट पाहावी लागली. सध्या लागू असलेला पाठ ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, परंतु तेथेही तारीख तपासावी. ऊस (नियंत्रण) आदेशाचेच पाहा: २००९ साली त्यातील वैधानिक किमान दर जाऊन रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आज सर्वांच्या तोंडी असलेली एफआरपी आली. वाचनालयाच्या कपाटातील जुन्या पुस्तकात ती नाही. म्हणून कोणतीही प्रत घेताना ती कोणत्या दिनांकापर्यंत दुरुस्त केलेली आहे ते पाहावे, आणि तो दिनांक पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवावा.