अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये विद्यापीठ बदलताना : पोर्टलच्या आधीची आणि नंतरची कामे

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलमध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणे गेल्या काही वर्षांत इतके सुलभ झाले आहे की, त्यातील अवघड कामे नेमकी कोणती हेच अनेक खेळाडूंच्या आणि त्यांच्या पालकांच्या लक्षात येत नाही. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीत, नाव नोंदवणे हे या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत सोपे काम आहे आणि म्हणूनच ते तयारी पूर्ण झाल्यावरच करावे. त्याआधी क्रेडिट (उत्तीर्ण विषयांसाठी मिळणारे श्रेयांक), शिष्यवृत्ती आणि खेळाडू भारतातून गेलेला असल्यास व्हिसा, या तिन्ही गोष्टींचा हिशेब कागदावर मांडून झालेला असला पाहिजे. पुढील मार्गदर्शन एनसीएए या कॉलेज क्रीडास्पर्धांची नियामक संघटना असलेल्या संस्थेच्या डिव्हिजन वनमधील, म्हणजे सर्वोच्च स्तरावरील, पुरुष आणि महिला बास्केटबॉलपुरते आहे. डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे यांचे नियम वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

आजचे नियम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑक्टोबर २०१८मध्ये पोर्टल सुरू होण्यापूर्वी खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाशी बोलण्यासाठी स्वतःच्या विद्यापीठाची परवानगी लागत असे, आणि बास्केटबॉलपटूला नव्या ठिकाणी गेल्यावर साधारणपणे एक संपूर्ण हंगाम न खेळता काढावा लागे. २०२१मध्ये पदवीपूर्व खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने, दुसऱ्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्यांना बाहेर बसवणाऱ्या नियमाला स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४मध्ये एनसीएएने नियमच बदलला. आता शैक्षणिक अटी पूर्ण करणारा खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो आणि लगेच खेळूही शकतो. या वाक्यातील ‘शैक्षणिक अटी पूर्ण करणारा’ हे शब्द वाचताना सहज नजरेआड होतात, आणि पुढे अडचण बहुतेक वेळा तेथेच येते.

सर्वप्रथम जाण्याचे कारण स्वतःशी स्पष्ट करावे. डाल्टन नेक्ट ज्युनिअर कॉलेजातून नॉर्दर्न कोलोरॅडोला आणि तेथून टेनेसीला गेला व २०२४मध्ये आपल्या परिषदेचा, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅम स्पेन्सर लॉयोला मेरीलँड आणि रटगर्समार्गे यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठ) पोहोचून २०२४च्या विजेत्या संघात खेळला. वॉल्टर क्लेटन ज्युनिअर आयोनातून फ्लोरिडाला गेला आणि २०२५च्या अजिंक्यपदात अंतिम चार संघांमधील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला गेला. ही नावे पोर्टलची जाहिरात म्हणून वारंवार घेतली जातात. परंतु या तिघांनीही आधीच्या विद्यापीठात भरपूर खेळून स्वतःला सिद्ध केले होते, आणि नव्या संघाला त्यांच्याकडून काय हवे आहे हे जाण्यापूर्वीच उघड होते. सध्याच्या संघात सामन्यामागे पाच मिनिटे मिळणाऱ्या खेळाडूने त्याहून मोठ्या संघाकडे जाऊन अधिक मिनिटांची अपेक्षा ठेवणे माझ्या मते व्यवहार्य नाही. अशा खेळाडूने लहान परिषदेतील संघांचा विचार आधी करावा.

यानंतरचे काम क्रेडिटचे आहे, आणि त्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेला मापदंड असा आहे की, तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीच्या एकूण क्रेडिटपैकी ४० टक्के, चौथ्या वर्षाच्या आरंभी ६० टक्के आणि पाचव्या वर्षाच्या आरंभी ८० टक्के पूर्ण असावेत. विद्यापीठ बदलणाऱ्याच्या बाबतीत ही टक्केवारी नव्या विद्यापीठातील, नव्या पदवीच्या हिशेबाने मोजली जाते. समजा, एखाद्या खेळाडूने दोन वर्षांत ६० क्रेडिट मिळवले आहेत आणि नवी पदवी १२० क्रेडिटची आहे. तिसऱ्या वर्षी खेळण्यासाठी त्याला ४८ क्रेडिट लागतील, म्हणजे वरवर पाहता चिंता नाही. परंतु नव्या विद्यापीठाने त्यांपैकी केवळ ४२ क्रेडिट त्या पदवीसाठी ग्राह्य धरले, तर ६० क्रेडिट हातात असूनही तो खेळण्यास अपात्र ठरू शकतो. अभियांत्रिकी, नर्सिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन अशा ठरीव क्रमाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांत हे विशेष घडते, कारण एका विद्यापीठाचा विषय दुसऱ्याच्या विषयाशी तंतोतंत जुळतोच असे नाही.

म्हणून नव्या विद्यापीठाला ‘तुम्ही माझे किती क्रेडिट स्वीकाराल?’ असे न विचारता ‘त्यांपैकी किती क्रेडिट या विशिष्ट पदवीत मोजले जातील?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमपत्रक, म्हणजे सिलॅबस, सत्र सुरू असतानाच जपून ठेवला तर हे काम पुष्कळ सोपे होते. नंतर तो मिळवण्यासाठी प्राध्यापकांच्या मागे लागावे लागते आणि उन्हाळ्यात ते भेटत नाहीत. अनेक विद्यापीठांत पदवीचे ठरावीक क्रेडिट तेथेच पूर्ण करण्याची अट असते, तीही पाहून घ्यावी. क्रेडिट कमी पडत असल्यास उन्हाळी सत्रात ते भरून काढता येतील का, आणि त्याचे शुल्क कोण भरणार, हे प्रश्नही तेव्हाच विचारावेत. प्रशिक्षकाने दिलेले ‘आमचे लोक सगळे पाहून घेतील’ हे आश्वासन या ठिकाणी पुरेसे नाही. पात्रतेचा निर्णय प्रशिक्षक करत नाही, तो विद्यापीठाचे नियमपालन पाहणारे कम्प्लायन्स कार्यालय आणि रजिस्ट्रार यांच्या कागदपत्रांवरून होतो.

एवढी तयारी झाल्यावर पोर्टलकडे वळावे. पोर्टल हा एनसीएएचा अंतर्गत माहितीकोश असून सर्वसामान्यांना तो दिसत नाही, आणि खेळाडूला स्वतः त्यात नाव घालताही येत नाही. त्यासाठी आपल्या विद्यापीठाच्या कम्प्लायन्स कार्यालयाकडे लेखी विनंती करायची असते आणि एनसीएएने नेमून दिलेला एक ऑनलाइन माहितीपाठ पूर्ण करायचा असतो. ही पूर्तता झाली की विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत नाव नोंदवले पाहिजे. मुख्य प्रशिक्षकाची संमती आवश्यक नाही, परंतु त्याला ही बातमी दुसऱ्याकडून कळण्याआधी खेळाडूने स्वतः सांगितलेली बरी, कारण पुढचा प्रशिक्षक त्यालाच दूरध्वनी करून चौकशी करणार असतो.

नावनोंदणीसाठी वसंत ऋतूत ठरावीक मुदत असते. ती आरंभी ६० दिवसांची होती, मग ४५ दिवसांवर आणि २०२५च्या वसंतात ३० दिवसांवर आली, आणि ती आणखी आखूड करण्याकडेच कल राहिला आहे. त्यामुळे चालू वर्षाच्या तारखा कम्प्लायन्स कार्यालयाकडूनच घ्याव्यात, मागच्या वर्षी खेळलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. ही मुदत नाव नोंदवण्याची आहे, नवे विद्यापीठ निवडण्याची नव्हे. निवड नंतरही करता येते. मुख्य प्रशिक्षक पद सोडून गेल्यास त्या संघातील खेळाडूंना वेगळी मुदत मिळते.

नाव नोंदवताच दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे, इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक आता नियमाने संपर्क साधू शकतात. त्याआधी त्यांनी थेट किंवा एखाद्या खासगी प्रशिक्षकामार्फत, नातेवाइकामार्फत निरोप पाठवणे हा नियमभंग आहे, आणि तरीही तो सर्रास होतो हे या क्षेत्रातील कोणीही नाकारणार नाही. ज्यांचे जाण्याचे ठिकाण आधीच ठरलेले आहे त्यांना आपल्या नावापुढे ‘संपर्क नको’ अशी नोंद करता येते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सध्याचे विद्यापीठ चालू सत्राच्या अखेरीस खेळाडूची शिष्यवृत्ती बंद करू शकते. पोर्टलमधून नाव मागे घेता येते, परंतु जुन्या विद्यापीठाने त्याला परत घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. ज्या घरात शिष्यवृत्तीविना शुल्क भरणे शक्य नाही, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

भेटीसाठी बोलावणे आल्यास अधिकृत भेट मागावी, कारण तिचा प्रवास, निवास आणि भोजनाचा खर्च विद्यापीठ उचलू शकते. तेथे व्यायामशाळा आणि ड्रेसिंग रूम कौतुकाने दाखवली जाईलच. त्याऐवजी संघात कोण राहणार, कोण जाणार आणि आपल्या जागेवर आणखी किती जणांशी बोलणी चालू आहेत हे विचारावे. खेळाडूंच्या मोबदल्याबाबत एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्यातील समझोत्याला जून २०२५मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाल्यापासून, त्यात सहभागी झालेल्या विद्यापीठांना बास्केटबॉल संघात १५ खेळाडूंचीच मर्यादा आहे. शक्य असल्यास प्रशिक्षक जवळ नसताना संघातील खेळाडूंशी बोलावे. जुनी दुखापत असल्यास नव्या संघाच्या वैद्यकीय पथकाला ती आधीच सांगावी आणि उपचारांचा खर्च कोण करणार हे लिहून घ्यावे.

पैशांबाबत आता दोन वेगळे प्रवाह आहेत. जुलै २०२१पासून खेळाडू आपले नाव, छायाचित्र आणि प्रतिमा यांच्या वापराबद्दल बाहेरच्या कंपन्यांकडून मोबदला घेऊ शकतात, याला तेथे एनआयएल म्हणतात. जुलै २०२५पासून विद्यापीठे खेळाडूंना थेटही पैसे देऊ शकतात, आणि २०२५-२६साठी प्रत्येक विद्यापीठाची सर्व खेळांची मिळून मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. बाहेरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार असल्यास तो तपासणीसाठी कळवावा लागतो, आणि तपासणीत तो अडू शकतो. त्यामुळे प्रशिक्षकाने सांगितलेल्या आकड्यातील किती रक्कम विद्यापीठ स्वतः देणार आणि किती रक्कम बाहेरून ‘मिळेल’, हे वेगळे करून घ्यावे, आणि दुसऱ्या भागाला खात्रीची रक्कम समजू नये. करारात मुदतीपूर्वी विद्यापीठ सोडल्यास पैसे परत करण्याचे किंवा भरपाईचे कलम असू शकते. सध्याच्या विद्यापीठाशी केलेल्या करारातही ते असू शकते, म्हणून पोर्टलमध्ये नाव घालण्यापूर्वी तो करार पुन्हा काढून वाचावा. एनबीए या व्यावसायिक लीगच्या एजंटांना खेळाडू-संघटनेचे प्रमाणपत्र लागते, कॉलेजच्या खेळाडूंसाठी तशी संघटना नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्या एजंटापेक्षा ठरावीक शुल्क घेऊन करार वाचून देणारा वकील बहुतेक खेळाडूंना अधिक उपयोगी पडतो असे मला वाटते.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेल्या, अमेरिकन नागरिक असलेल्या मराठी मुलामुलींना वरील माहिती पुरेशी आहे. पुणे, नागपूर किंवा मुंबईहून एफ-१ विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना मात्र पुढचा भाग अपरिहार्य आहे. या व्हिसावर परवानगीविना काम करून पैसे मिळवल्यास विद्यार्थ्याचा दर्जाच धोक्यात येतो, आणि एनसीएएची मुभा म्हणजे इमिग्रेशन खात्याची मुभा नव्हे. काँगोहून आलेला ऑस्कर शीब्वे वेस्ट व्हर्जिनियातून केंटकीला गेला आणि २०२२मध्ये देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, तरी त्याला आपली जाहिरातीची कामे संघाच्या बहामा दौऱ्यात, अमेरिकेबाहेर करावी लागली. म्हणून कोणत्याही आर्थिक करारावर सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तो वकील शक्यतो विद्यापीठाने किंवा एजंटाने सुचवलेला नसावा.

एफ-१ विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत असते आणि पोर्टलशी तिचा काहीही संबंध नाही. नव्या विद्यापीठात प्रवेश निश्चित झाल्यावर जुन्या विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला प्रवेशपत्र दाखवून नोंद हस्तांतरित करण्याची तारीख ठरवावी लागते. ती तारीख आली की नोंद नव्या विद्यापीठाच्या ताब्यात जाते आणि जुन्या विद्यापीठाला तीत बदल करता येत नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीचा करार हाती येईपर्यंत ही तारीख ठरवण्याची घाई करू नये. नोंद हस्तांतरित झाल्यापासून पाच महिन्यांच्या आत नव्या ठिकाणी शिक्षण सुरू झाले पाहिजे. नव्या विद्यापीठाचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र) घेऊनच उन्हाळ्यात भारतातून परत प्रवेश करावा. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत शिल्लक असल्यास त्यावर जुन्या विद्यापीठाचे नाव असले तरी साधारणपणे तोच चालतो. पोहोचल्यावर आय-२० वरील आरंभतारखेपासून १५ दिवसांच्या आत नव्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी नोंदवावी. सरावाचे वेळापत्रक कितीही भरगच्च असले तरी या कामासाठी स्वतः जावे.